तेवीस सुताची पुली

ट्रॅक्टर गावात आल्यावर काय काय बदललं हे बऱ्याच जणांनी लिहून ठेवलंय. बैल कमी झाले, पैरा मोडला, दावणी रिकाम्या पडल्या. त्या लिखाणात ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगपुढं बसवलेल्या मीटरला मात्र कुणी जागा दिलेली दिसत नाही. आमच्या पंचगंगेकाठी १९७५ ते १९९५ या वीसेक वर्षांत ट्रॅक्टरवाला आणि शेतकरी यांच्यातला बराचसा व्यवहार त्या वाटीएवढ्या मीटरवर चालायचा. नांगरट तासावर, फणपाळी तासावर, मळणीसुद्धा तासावर. आणि तास मोजणार ते मीटर. ते खरं बोलतंय की खोटं, हा प्रश्न आमच्या घरात १९८६ साली उभा राहिला, तो इंजिन बदलल्यामुळं. त्याची ही हकीकत. पण आधी ते मीटर म्हणजे काय होतं ते सांगायला हवं.

आमचा ट्रॅक्टर फर्ग्युसन ३५. हे मॉडेल १९५६ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीला निघालं. सुरुवातीचे ट्रॅक्टर तांबूस इंजिनाचे आणि राखाडी पत्र्याचे. मॅसी आणि फर्ग्युसन ही नावं जोडून आल्यावर १९५७ च्या अखेरीला पत्रा लाल झाला. आमचा लालच होता. आपल्या देशात ट्रॅक्टर बनायला लागले ते १९६० च्या आसपास. मद्रासची टॅफे कंपनी निघाली तीही १९६० सालीच. तोवर जे काही दिसायचं ते बोटीतून आलेलं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, १९७४ साली एका बागायतदाराकडून हा ट्रॅक्टर जुना घेतला. त्यात स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, २३-सी नावाचं. गरम झालं की गुणी, पण थंडीत चालू व्हायला नाठाळ. अशी त्याची ख्याती खुद्द इंग्लंडातही होती आणि १९५९ च्या अखेरीला कंपनीनंच त्या जागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवायला सुरुवात केली. आमच्याकडं मात्र मार्गशीर्ष-पौषात रोज पहाटे सहा माणसं ट्रॅक्टर ढकलायला लागायची. त्यातला एक मी.

तर मीटर. कंपनी त्याला ट्रॅक्टरमीटर म्हणायची. काटा एकच, पण तबकडीवर खुणा बऱ्याच. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं त्याचे आकडे, मागच्या पीटीओच्या दांड्याची ५४० ची खूण, आणि खाली लहान खिडकीत तासांचे आकडे. कुठल्याही कंपनीचं अवजार कुठल्याही ट्रॅक्टरवर चालावं म्हणून अमेरिकेतल्या शेती-इंजिनिअरांनी पीटीओचा वेग एकसारखा ठरवून दिला, तो हा ५४०. मळणी मशीनवाला म्हणायचा, "काटा खुणेवर धरा आन् गप बसा."

या मीटरला वीज लागत नव्हती. डायनॅमोच्या शेपटीला एक छोटी गिअरपेटी होती. तिच्यातून सायकलच्या ब्रेकसारखी केबल निघायची, पण हिच्या आतली तार गरागरा फिरणारी. ती मीटरच्या पाठीत शिरायची. असल्या मीटरांत आत एक लोहचुंबक असतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीला आपल्याबरोबर ओढतो आणि स्प्रिंग तिला मागं धरते. या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो आकडा. तासांचं तसं नाही. ते दातेरी चाकांनी थेट केबलला बांधलेले. ठरावीक फेऱ्या झाल्या की एक तास पुढं. म्हणजे ते घड्याळाचे तास नव्हतेच, फेऱ्यांचे तास होते. बांधावर ट्रॅक्टर बारीक रेसवर उभा ठेवून ड्रायव्हर बिडी ओढत बसला तर मीटर हळू पळायचं आणि नेहमीच्या रेसवर नांगरट चालली की घड्याळाबरोबर पळायचं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा हिशेब घड्याळापेक्षाही रास्त होता, असं माझं अजून मत आहे.

एवढ्या साखळीत इंजिन कुठंच थेट नाही, हे लक्षात घ्या. इंजिनची पुली पट्ट्यानं डायनॅमो फिरवते, डायनॅमो केबल फिरवतो, केबल मीटर फिरवते. पट्टा ढिला झाला तरी मीटर मागं पडायचं.

१९८६ च्या दिवाळीनंतर इंजिन बदलायचं ठरलं. भंगारात निघालेल्या मॅसी १०३५ चं सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं इंजिन मिळालं. सिम्प्सन मद्रासलाच पर्किन्सची इंजिनं बनवायची, म्हणजे इंग्लंडात कंपनीनं जे केलं तेच आम्ही सत्तावीस वर्षांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात केलं. फ्लायव्हील, मागची प्लेट, सायलेन्सरचा पाइप, सगळं त्याच इंजिनाबरोबर आणलं. मेस्त्रींनी चार दिवसांत काम संपवलं. पाचव्या दिवशी पहाटे आण्णांनी चावी दिली आणि गाडी एका फटक्यात चालू झाली. आई घरातून धावत बाहेर आली, तिला वाटलं काहीतरी फुटलं.

मीटर मात्र मेलेलं. त्या इंजिनावर डायनॅमो नव्हता, आल्टरनेटर होता, आणि त्याला केबल बसवायची शेपटीच नव्हती. मेस्त्री म्हणाले, "आण्णा, रेस कानानं कळती की ओ. मीटर कशापायी पायजे?" आण्णा म्हणाले, "माझ्या कानाला कळतीया. ज्याच्या रानात जातो त्याच्या कानाला कुठली कळाय?" मग आल्टरनेटर उतरला, पट्टीला नवी भोकं पाडून जुना डायनॅमो चढला, काटा हलला. सगळे खूष.

सुगी सुरू झाली आणि दोन तक्रारी आल्या. गंमत अशी की दोन्ही एकमेकींच्या उलट वाटणाऱ्या.

पहिली वरच्या आळीच्या तात्यांची. त्यांच्याकडं एचएमटीचं घड्याळ होतं आणि ते कामाला लावायची त्यांना हौस. नांगर रानात घातला तेव्हा त्यांनी वेळ लिहून ठेवली. घड्याळानं चार तास झाले, मीटरनं साडेचारच्या वर. तात्या आण्णांना म्हणाले, "नवं इंजिन लई चपळ हाय रे, तासबी लवकर खातंय."

दुसरी आक्कांची. आक्का विधवा, अडीच एकर रान, पोरं लहान. त्यांचा हरभरा मळून झाल्यावर त्यांनी भुसकाटात हात घातला आणि मूठभर दाणे वर काढले. दाणे भुशाबरोबर चालले होते. "आरं आण्णा," त्या म्हणाल्या, "तुझं मशीन माझं जेवाण जेवतंय." मळणीला ड्रायव्हरनं काटा बरोबर ५४० च्या खुणेवर धरलेला होता. मी स्वतः शेजारी उभा होतो.

आता नांगरटीला मीटर जोरात पळतंय म्हणावं, तर मळणीला मशीन हळू का? ड्रायव्हर चक्रावला. खरं तर दोन्हीचं मूळ एकच. नांगरताना तो कानानं रेस धरायचा, म्हणजे इंजिन नेहमीच्याच वेगात आणि मीटर जादा मोजणार. मळताना तो काट्यावर रेस धरायचा, आणि जादा दाखवणाऱ्या काट्याला खुणेवर आणायचं म्हणजे इंजिन खरोखर हळू चालवायचं. ड्रम हळू, पंखा मंद, दाणा भुशात.

मी तेव्हा आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या निदेशकांनी एक युक्ती शिकवली होती. चोकवाली ट्यूब एका सेकंदाला शंभर वेळा विझते-पेटते, कारण वीज पन्नास सायकलची. फिरत्या पुलीवर सारख्या अंतरानं चार पांढऱ्या खुणा काढायच्या. पुली सेकंदाला पंचवीस, म्हणजे मिनिटाला दीड हजार फेऱ्या घेत असेल तर ट्यूबच्या उजेडात त्या खुणा जागच्या जागी उभ्या दिसतात. रात्री ट्रॅक्टरचं तोंड गोठ्यात घातलं, चुन्यानं खुणा काढल्या, ट्यूब लावली. रेस हळूहळू चढवत नेली आणि एका क्षणी खुणा थिजल्यासारख्या उभ्या राहिल्या. आईनं तर हात जोडले. मीटर तेव्हा दीड हजार दाखवायला हवं होतं. काटा सोळाशे आणि सतराशेच्या मधे, सतराशेकडं झुकलेला. अकरा-साडेअकरा टक्के जादा.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीहून मामा आले. ते यंत्रमागावर जॉबर. तिथं माग मिनिटाला किती फेऱ्या घेतो यावर कापड आणि मजुरी दोन्ही ठरतं, त्यामुळं जॉबरला फेऱ्यांचं वेड असतं. त्यांनी त्यांच्या शेठजींकडून हातात धरायचं फेऱ्यांचं मीटर मागून आणलं होतं. पुढं रबराची टोपी, ती फिरत्या दांड्याच्या बरोबर मध्यावर टेकवायची. धोतर आवळून, बाह्या वर सारून, मामा पीटीओच्या मागं बसले. (पीटीओनं धोतर ओढून माणूस गेल्याच्या गोष्टी त्या काळी प्रत्येक तालुक्यात होत्या. हे काम कुणी करून बघू नये.) आण्णांनी काटा ५४० वर धरला. मामांच्या हातातलं मीटर म्हणालं, ४७०. म्हणजे पंधरा टक्के.

अकरा की पंधरा? चार टक्क्यांनी काय होतं असं कुणी म्हणेल. शंभर तासांत चार तास होतात. मामा ट्यूबवर हसले, मी शेठजींच्या मीटरवर संशय घेतला, आणि आण्णा काही न बोलता गोठ्यामागं गेले. तिथं जुनं इंजिन अजून पडून होतं. त्याच्या पुलीत पट्टा जिथं टेकतो तिथला व्यास त्यांनी दोऱ्यानं मोजला. वरच्या कडेचा व्यास उपयोगाचा नसतो, पट्ट्याची जागा महत्त्वाची. तो भरला चाळीस सूत, म्हणजे पाच इंच. मग नव्या इंजिनाच्या पुलीचा. तो सेहेचाळीस सूत.

चाळीसला सेहेचाळीस, म्हणजे वीसला तेवीस, म्हणजे शेकडा पंधरा. मामा खरे निघाले. मोठी पुली तेवढ्याच फेऱ्यांत पट्टा जास्त ओढत होती, डायनॅमो तेवढा जास्त पळत होता, आणि मीटर बिचारं डायनॅमोचं ऐकून बोलत होतं.

मग ट्यूब का चुकली? याचं उत्तर मला नंतर सबस्टेशनवरच्या ऑपरेटरकडून मिळालं. संध्याकाळी सगळ्या शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की वीज पन्नास सायकलची राहत नसे. तो म्हणाला, पॅनलवरचा काटा रोज रात्री साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास असतो. म्हणजे माझी ट्यूब सेकंदाला शंभराऐवजी सत्त्याण्णव वेळा लुकलुकत होती आणि खुणा थांबल्या तेव्हा इंजिन दीड हजारावर नव्हतंच, साडेचौदाशेच्या जरा पुढं होतं. विजेची ही घसरगुंडी पुढं बरीच वर्षं चालली. पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून वीज उचलण्याचा दर फ्रिक्वेन्सीला बांधला गेला, तेव्हा ती सावरली. ट्रॅक्टरच्या मीटरपायी मला राज्याच्या विजेची तब्येत कळली, हे माझं शिक्षण.

आता उपाय. मिरजेला एक मीटर दुरुस्त करणारा कारागीर होता, हाताचा कसबी. तो म्हणाला, "मीटर ठेवून जा, स्प्रिंग जरा ताणतो, काटा पंधरा टक्के मागं आणून देतो." खर्च थोडा, काम एका दिवसाचं. आण्णांना हे पटायला लागलं होतं. मी विचारलं, "आणि तासांचं?" कारागीर म्हणाला, "तास तसेच राहतील. त्याला स्प्रिंग नाही, दातं आहेत." म्हणजे काटा खरा झाला असता, मळणी सुधारली असती, आणि खिडकीतले तास तेवीसला वीस या हिशेबानं पळतच राहिले असते. आणि ते मालकाच्या फायद्याचं पळणं. कारागिराला त्यात काही वावगं दिसलं नाही, त्याचं काम काट्यापुरतं. आण्णांनी मीटर परत पिशवीत घातलं.

इंजिनाची पुली बदलावी म्हटलं तर जुनी नव्या क्रँकवर बसत नव्हती. बसली असती तरी चाललं नसतं, कारण त्याच पट्ट्यावर पंखा आणि पाण्याचा पंप. त्यांचा वेग कमी करून नवं इंजिन तापवण्यात काय अर्थ? मग राहिला डायनॅमो. त्याची पुली पट्ट्याच्या जागी वीस सूत होती. ती तेवीस करायची. डायनॅमो पूर्वीच्याच वेगानं फिरला की त्याच्यामागची केबल, काटा, तास, सगळं आपोआप जागेवर. मीटरला हात लावायचीही गरज नाही.

उद्यमनगरातल्या टर्नरनं बिडाच्या तुकड्यातून ती पुली काढून दिली. "तेवीसच का? चोवीस करतो, तीन इंच सरळ होतंय," असं तो दोनदा म्हणाला. आण्णांनी त्याला आक्कांच्या हरभऱ्याची गोष्ट सांगितली. त्यानं तेवीस केली. पट्टा एक नंबर मोठा घ्यावा लागला. बारीक रेसला दिवे नव्या पट्टीवर जरा चमकायला लागले होते, ते पुन्हा पहिल्यासारखे मिणमिणते झाले. रात्री ऊस ओढताना ड्रायव्हर कुरकुरायचा. मामांनी परत येऊन रबराची टोपी टेकवली. काटा ५४० वर, हातातलं मीटर ५३८ आणि ५४२ च्या मधे.

५४० ची खूण नव्या इंजिनालाही लागू पडली, याचं पुष्कळांना आश्चर्य वाटलं. पण ती खूण इंजिनची नसते, गिअरबॉक्सची असते. इंजिनच्या किती फेऱ्यांना पीटीओची एक फेरी, हे मागच्या दातांनी ठरतं आणि मागचा ट्रॅक्टर आमचा तोच होता.

नंतरचं काम वहीचं. इंजिन बदलल्यापासून पुली बसेपर्यंत मीटरवर २९९ तास झाले होते. तेवीसनं भागून वीसनं गुणले की खरे २६०. एकोणचाळीस तास लोकांचे. आण्णांनी नावनिशी काढली. तात्यांचे सगळे मिळून सेहेचाळीस लागले होते, त्यांचे चाळीस धरले आणि सहा तासांचे पैसे परत. तात्यांनी ते घेतले आणि वर सांगितलं की १९८१ सालचाही हिशेब एकदा बघावा. बघायला काही नव्हतं, तेव्हा इंजिन जुनंच होतं. तरी आण्णांनी वही काढून दाखवली. दोघांनी पैसे घ्यायला नकार दिला. एकजण घेऊन गेला आणि संध्याकाळी बायकोनं परत पाठवून दिले. मेस्त्रींच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "आण्णा, गावात चार ट्रॅक्टर हायत, त्यांचं मीटर कोण मोजतंय?" ते खरंच होतं. पुढच्या महिन्यात त्यातल्या दोघांच्या शेतकऱ्यांनी मामा कधी येणार म्हणून विचारलं, आणि त्या दोन मालकांचं आमच्याशी बोलणं वर्षभर बंद होतं.

आक्कांच्या नुकसानीला आकडा नव्हता. त्यांचं भुसकाट अजून खळ्यावर होतं. आण्णांनी मशीन नेऊन ते सगळं पुन्हा त्यातून काढून दिलं, या वेळी खऱ्या ५४० वर. दोन पायल्या हरभरा निघाला.

त्याच सुमाराला रस्त्यावरच्या गाड्यांतही हेच चाललं होतं. पेट्रोलची जीप घ्यायची, त्यात मॅटॅडोरचं डिझेल इंजिन घालायचं. ज्या पेट्रोल गाडीला विजेवरचं फेऱ्यांचं मीटर असतं, ते इग्निशन कॉइलचे ठोके मोजतं. चार सिलिंडरला एका फेरीत दोन. डिझेलला कॉइलच नाही, म्हणून मीटर गप्प. पुढं माझ्या दुकानात अशा गाड्या आल्या. तिथं आल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकावरून इशारा घ्यायचा. बारा ध्रुवांचा आल्टरनेटर आपल्या एका फेरीत सहा लहरी देतो. पुल्यांचं प्रमाण दुप्पट असेल तर इंजिनच्या एका फेरीला बारा. मीटरला हव्या असतात दोन. मग मधे सहानं भागणारं लहान सर्किट घालायचं. गिऱ्हाइकाला वाटतं यात मोठी विद्या आहे. मी आधी दोरा घेऊन पुल्या मोजतो.

फर्ग्युसन आम्ही १९९७ साली जतकडच्या एका शेतकऱ्याला विकला. तोवर नव्या ट्रॅक्टरांत विजेवरची तासमीटरं यायला लागली होती आणि आमच्याकडं भाडं एकरावर, गुंठ्यावर ठरायला लागलं होतं. आण्णांनी विक्रीच्या कागदावर मीटरवरचे तास लिहिले आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ घातली, की यातले एकोणचाळीस तास १९८६-८७ सालचे जादा असून वजा धरावेत. घेणाऱ्यानं ती ओळ दोनदा वाचली. त्याला वाटलं म्हातारा तेवढ्यासाठी किंमत वाढवून मागतोय, आणि तो शंभर रुपये जादा द्यायला तयार झाला. आण्णांनी ते घेतले नाहीत. जुनी वीस सुताची पुली मात्र त्यांनी फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवून दिली, आणि त्याला बजावलं की कधी पुन्हा जुनं इंजिन घातलंस तर ही लागंल.